दुबार प्रतीचा नियम

देवकाबाई कापगते सानगडीहून एसटीने भंडाऱ्याला आल्या, तेव्हा त्यांच्या खांद्यावर लॅपटॉपची बॅग होती आणि हातात तंबाखूचा पत्र्याचा डबा. यादोराव गोंडाणे यांच्या अभिलेखागारात तंबाखूला सक्त मनाई होती. त्यामुळे पहिली बाचाबाची दारातच झाली.

"डबा बाहेर ठेवा, बाई," यादोराव म्हणाले.

"तंबाखू नाही जी त्यात," देवकाबाई म्हणाल्या. "गाने हायेत."

यादोरावांनी डबा उघडला. आत कापसात गुंडाळलेले सात पेन ड्राइव्ह होते. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'संच क्रमांक तीन'. बॅगेतल्या लॅपटॉपवर 'संच क्रमांक दोन' आणि रुमालात बांधलेल्या काळ्या हार्ड डिस्कवर 'संच क्रमांक एक'.

हे सगळं देवकाबाईंचे यजमान गोमाजी गुरुजी यांचं. शाळेतून निवृत्त झाल्यावर बारा वर्षं हा माणूस रोवणीच्या दिवसांत बांधीबांधीतून हिंडला आणि भाताची रोपं, म्हणजे पऱ्हे, लावणाऱ्या बायांची गाणी त्याने मोबाइलवर उतरवून घेतली. नऊशे गाणी! कागदावर मात्र एक ओळ नाही. गेल्या हिवाळ्यात गुरुजी वारले आणि जाताना सांगून गेले की हा सगळा ठेवा यादोरावांच्या हवाली करा, कारण त्यांच्याकडून काही हरवत नाही.

हे ऐकून यादोरावांची छाती फुगली. तशी ती रोजच थोडी फुगलेली असायची. 'पूर्व विदर्भ अभिलेख संग्रह' या संस्थेच्या भिंतीवर त्यांनी ऑइलपेंटने लिहवून घेतलं होतं : 'येथे ३१ वर्षांत एकही कागद हरवलेला नाही.' दर एक जानेवारीला ते स्वतः स्टुलावर चढून आकडा बदलायचे. लाल फडक्यात बांधलेले तेवीसशे बस्ते, प्रत्येक पानावर क्रमांक, आणि कुणी वाचायला पान काढलं की त्या जागी चिठ्ठी. चिठ्ठीवर बस्ता क्रमांक, पान क्रमांक, तारीख, नेणाऱ्याचं नाव. चिठ्ठीशिवाय यादोराव स्वतःच्या बापालाही पान देत नसत. एखादं पान कधीमधी दिसेनासं व्हायचं, पण ते परत सापडायचंच. २०११च्या जुलैत तर बस्ता ११२ मधलं सत्तेचाळिसावं पान, एका तलावाचा नकाशा, सापडेना. शुक्रवारी सगळं कार्यालय उलथंपालथं केलं. सोमवारी पाहतात तर पान जागच्या जागी! त्यावर यादोरावांनी कर्मचाऱ्यांना पाऊण तास भाषण दिलं होतं. विषय होता, घाबरू नये, पद्धतीवर विश्वास ठेवावा.

"तुम्ही निश्चिंत जा," ते देवकाबाईंना म्हणाले. "माझ्याकडे आलं म्हणजे तिजोरीत आलं समजा."

देवकाबाई उठल्या, पण गेल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या.

"एक मांगू का जी? तुमचा तो कार्यक्रम होईन ना, त्या दिवशी माह्या मायचा गाना वाजवजा. बायजाबाई नाव हाये तिचं. फोटो नाही तिचा. काहीच नाही. गाना तेवढा हाये. घरी लावाचा धीर होत नाही मले, एकटीले."

"पहिलं गाणं तेच वाजेल," यादोराव म्हणाले, आणि त्यांनी तशी नोंद डायरीत करून खाली सहीसुद्धा केली.

कार्यक्रम होता एकवीस दिवसांनी. संस्थेच्या कार्यकारिणीचं पत्र आलं होतं : यापुढे अभिलेखागारांनी 'जन्मतः डिजिटल' संग्रहसुद्धा स्वीकारावेत, कर्मचाऱ्यांनी काळाप्रमाणे बदलावं, आणि पहिला संग्रह समारंभपूर्वक दाखल करून घ्यावा. यादोरावांनी हे पत्र अकरा वेळा वाचलं. आजवर त्यांच्याकडे आलेला प्रत्येक दस्तऐवज आधी कागद म्हणून जगलेला होता. कागदच नसलेला दस्तऐवज म्हणजे काय, हे त्यांच्या डोक्यात काही केल्या बसेना. पण बदलायचं तर आपणच आधी, असं म्हणून त्यांनी आवक नोंदवही उघडली आणि पहिल्याच रकान्यात अडकले. रकाना होता 'पाने'.

"रुपाताई, यात पानं किती?"

रुपा ही कार्यालयातली लिपिक. वय चाळीस, संगणकाचं जे काही असेल ते तिच्याकडे. ती म्हणाली, "सर, पानं नसतात त्यात. फायली असतात. नऊशे चौदा."

"फायली असतील तर फायलीत पानं असतीलच."

"नाही ना जी सर."

यादोरावांनी 'पाने : नाहीत' असं लिहिलं. तसं लिहायची आयुष्यात ही पहिलीच वेळ. पुढचे रकाने होते कागदाची जात, शाईचा रंग, वाळवी आहे किंवा नाही. शेवटच्या रकान्यात त्यांनी 'सकृद्दर्शनी नाही' लिहिलं, तेवढ्यानेच त्यांना जरा बरं वाटलं. बाकीचं विचारायला कार्यकारिणीला पत्र धाडलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं, 'नियमानुसार कार्यवाही करावी.'

आता नियम म्हटल्यावर यादोरावांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी रुपाला तिन्ही संच उघडायला लावले, दोन दिवस शेजारी बसून यादी ताडून पाहिली आणि तिसऱ्या दिवशी त्यांना धक्काच बसला.

"रुपाताई, तिन्हीमध्ये एकच माल आहे!"

"हो सर."

"अक्षरशः तेच? नऊशे चौदा, नऊशे चौदा, नऊशे चौदा?"

"हो. गुरुजींनी मुद्दाम तीन ठिकानी ठेवलं असन. खराब-गिराब झालं तं..."

"इतका शहाणा माणूस," यादोराव हळहळले, "आणि एवढा पसारा!"

पुढे जे झालं ते समजायला एक गोष्ट ठाऊक हवी. कागदाच्या अभिलेखागारात जागा नेहमी अपुरी असते. एकाच पत्राच्या पाच-पाच नकला येतात. त्या सगळ्या सांभाळत बसलं तर माणसाला उभं राहायलाही जागा उरायची नाही. म्हणून नियम चौदा : मूळ प्रत जतन करावी, दुबार प्रत समितीसमोर तपासून नष्ट करावी आणि तसं प्रमाणपत्र जोडावं. हा नियम यादोरावांच्या रक्तात होता. एकतीस वर्षांत त्यांनी सहाशेच्या वर प्रमाणपत्रांवर सही केली होती. मागच्या अंगणात एक लोखंडी पिंप होतं, त्यात शिपाई मंदाबाई शेंडे दुबार कागद जाळायच्या.

"सर, राहू द्या ना जी," रुपा म्हणाली. "जागा कुठं लागून राहिली? डबा तं हाये एवढासा."

"प्रश्न जागेचा नाही, शिस्तीचा आहे. आज डबा ठेवाल, उद्या पिंप ठेवाल."

समिती बसली. समितीत यादोराव, रुपा आणि स्वतः मंदाबाई. एकमताने, म्हणजे यादोरावांच्या मताने, ठरलं की हार्ड डिस्क ही मूळ प्रत. लॅपटॉप कोरा करून देवकाबाईंकडे साभार परत. पेन ड्राइव्ह डब्यासकट जाळावेत. रुपाने लॅपटॉप कोरा करायला घेतला तेव्हा यादोराव मागे हात बांधून उभे होते. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली, तेव्हा त्यांना शेल्फ रिकामं झाल्याचं समाधान वाटलं. रुपाचा चेहरा मात्र घरात काही अशुभ घडल्यासारखा झाला होता. मंदाबाई डबा घेऊन मागे गेल्या. थोड्या वेळाने पिंपातून धूर आला. यादोरावांनी धूर पाहिला आणि प्रमाणपत्रावर सही केली.

राहिला नियम नऊ : प्रत्येक वस्तूवर दाखल क्रमांक पुसला जाणार नाही असा घालावा. रबरी शिक्का मारला तर हार्ड डिस्कच्या गुळगुळीत अंगावर शाई ठरेना. बोट लागलं की क्रमांक बोटावर. मार्करने लिहिलं, तेही सुटलं. चिठ्ठी चिकटवली, ती दुसऱ्या दिवशी निघून कपाटाच्या दाराला चिकटलेली सापडली. यादोराव बेचैन झाले. घरी जेवताना त्यांची नजर समोरच्या पाण्याच्या पितळी गडव्यावर पडली आणि ते घास तसाच ठेवून उठले.

"अजी, काय झालं?" निर्मलाबाईंनी विचारलं.

गडव्यावर लिहिलं होतं 'सौ. निर्मला यादोराव गोंडाणे'. तेहतीस वर्षं राख-चिंचेने घासूनही त्यातली वेलांटीसुद्धा झिजली नव्हती.

"सापडलं!" यादोराव म्हणाले.

भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव; तिथला माणूस पितळेच्या बाजारापासून दूर जाऊन जाऊन किती जाणार? दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओळखीच्या दुकानात हजर होते. दुकानदाराने हार्ड डिस्क उलटसुलट करून पाहिली.

"मशीननं घालू का हातानं?"

"पक्कं कशात?"

"हाताच्या टोच्यानं जे होते ते मशीननं नाही होत, साहेब. पन ठोकाले लागते."

"ठोका," यादोराव म्हणाले. "कंजुषी नको."

त्याने हार्ड डिस्क शिकंज्यात आवळली आणि टोचा लावून हातोडीने ठोकायला घेतलं. 'पू.वि.अ.सं./डि./१'. अक्षर न् अक्षर, टिंब न् टिंब. टिंबांना तर त्याने जरा जास्तच जोर दिला. काम खरोखर देखणं झालं होतं. यादोरावांनी ती वस्तू लाल फडक्यात बांधली, वर दोन गाठी मारल्या, चार डांबरगोळ्या घातल्या, दुपारी दोन तास ऊन दाखवलं आणि कपाटात ठेवली. आता शंभर वर्षं हिला कुणी हात लावू शकणार नाही, असं ते मंदाबाईंना म्हणाले. ते खरंच होतं.

कार्यक्रमाला नऊ दिवस राहिले असताना कार्यकारिणीचं दुसरं पत्र आलं : डिजिटल संग्रह कसा हाताळावा याचं एक दिवसाचं प्रशिक्षण, मंगळवारी, नागपूरला. सगळं आटोपल्यावर शिकवायला बोलावतात याचं यादोरावांना हसू आलं. तरी गेले. पहिल्या रांगेत बसले, वही काढली, प्रशिक्षक बाईंकडे कौतुकाने पाहू लागले. आपलं काम पूर्ण असलं की दुसऱ्याचं ऐकायला बरं वाटतं.

बाईंनी फळ्यावर एक आकडा काढला. तीन.

"कागदाच्या जगात दुबार प्रत म्हणजे अडगळ," त्या म्हणाल्या. "इथं उलटं आहे. इथं एकच प्रत असणं म्हणजे नसल्यासारखं. कमीत कमी तीन प्रती. वेगवेगळ्या साधनांवर. आणि त्यातली एक दुसऱ्या गावी."

यादोरावांच्या हातातलं पेन थांबलं.

"हार्ड डिस्कच्या आत तबकडी असते, केसाइतक्या अंतरावर सुई. धक्का, उष्णता, यांच्यापासून ती तान्ह्या बाळासारखी जपायची. आजवर कुणी अशी चूक केली असेल तर..." बाई हसल्या. "म्हणजे कुणी काही हातोडीने ठोकत नाही म्हणा."

सभागृह हसलं. यादोरावांच्या कानात 'टक, टक, टक' असा आवाज सुरू झाला. त्यांना आठवलं, टिंबांवरच जास्त जोर होता, आणि एकूण एक टिंब आपण डोळ्यांदेखत ठोकून घेतलं. शेजारच्या माणसाने विचारलं, "बरं वाटत नाही का?" तर यादोराव म्हणाले, "वाटत होतं." जेवणाच्या सुट्टीत ते पत्रावळीसमोर नुसते बसून राहिले, आणि पुढचे सगळे तास त्यांच्या वहीत एकच शब्द होता, 'तीन'. त्याखाली सात वेळा रेघ ओढलेली.

बुधवारी सकाळी रुपाने हार्ड डिस्क संगणकाला लावली. आतून आवाज आला. टक. टक. टक. अगदी तसाच. मग तोही थांबला.

"रुपाताई, काही तरी करा!"

"काय करू जी सर?" रुपाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी म्हटलं होतं ना."

"या संगणकात उतरवून नव्हतं ठेवलं?"

"हा तं पगारपत्रकानंच धापा टाकते, सर."

यादोरावांनी लाल फडकं काखोटीला मारलं आणि बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथल्या कारागिराने वस्तू कानाला लावली, हलवली आणि आधी क्रमांकावरून बोट फिरवलं. "हे कोणं केलं जी?" त्याने विचारलं. यादोराव फडक्याची घडी घालू लागले. "काम मस्त हाये," तो म्हणाला. "पन आतनं पार गेली. तबकडीच खरवडली. नागपूर न्या, मुंबई न्या, आता काही निंघत नाही."

घरी आले तर शेजारी कैलाश बावनकर ओसरीवर बसलेले. कैलाशभाऊंना यादोरावांचा पडलेला चेहरा दिसला की सल्ला सुचायचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तांदळात टाका."

"काय?"

"माहा मोबाइल नाही का तलावात पडला होता? तांदळात टाकला, दोन दिवसांत बोलाले लागला. तांदूळ ओढून घेते सगळं."

"अहो, ही भिजलेली नाही! ही ठोकलेली आहे."

"दुखनंच ना शेवटी," कैलाशभाऊ म्हणाले. बुडणारा माणूस काय काय धरतो ते यादोरावांना त्या क्षणी कळलं. ते उठून स्वयंपाकघरात गेले. आता कोणता तांदूळ, यावर गल्ली जमली. कैलाशभाऊंचं म्हणणं चिन्नोर, कारण बारीक दाणा फटीत शिरतो. समोरच्या जनाबाई म्हणाल्या, चिन्नोर कायले नासवता, यंत्राले वास काय समजते, जाडा घ्या. कुणी म्हणालं जुना, कुणी म्हणालं उकडा. अर्धा तास वाद झाला. हे आपण खरोखर ऐकून राहिलो, यावर यादोरावांचा विश्वास बसेना. शेवटी निर्मलाबाईंनी डब्यातला होता तो तांदूळ एका पातेल्यात ओतला आणि हार्ड डिस्क त्यात पुरली. शुक्रवारी संध्याकाळी काढली. लावली. एक आवाज नाही. क्रमांकाच्या टिंबांत चार कण्या तेवढ्या अडकल्या होत्या.

कार्यक्रम सोमवारी. यादोरावांनी त्या रात्रीच्या जेवणाला नकार दिला. "अजी, दोन घास तं खा," निर्मलाबाई म्हणाल्या. ते भिंतीकडे पाहत म्हणाले, "त्या बाईकडे मायचा फोटोसुद्धा नाही, निर्मला. आवाज होता तेवढा. तो मी जाळला. सही करून जाळला." आणि एकतीस वर्षांत कार्यालयाबाबत एक अवाक्षर न ऐकणारा तो माणूस ढसढसा रडला. निर्मलाबाई घाबरूनच गेल्या.

शनिवारी अर्धा दिवस. यादोराव सकाळीच मागच्या अंगणात जाऊन पिंपात वाकून राख चिवडत होते. मंदाबाई झाडू घेऊन आल्या आणि थबकल्या.

"काय पाहून राहिले जी, साहेब?"

"डब्याचा पत्रा. पत्रा तर जळत नाही. कुठे गेला तो?"

मंदाबाई पिंपाभोवती झाडू लागल्या.

"मंदाबाई, डबा कुठे आहे?"

"बपेऱ्याले," मंदाबाई हळूच म्हणाल्या.

बपेरा म्हणजे मंदाबाईंचं गाव, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ. आठवडाभर त्या भंडाऱ्यात खोलीवर राहायच्या आणि दर शनिवारी दुपारी कापडी थैली घेऊन एसटीने गावी जायच्या. त्या थैलीत भाजी असते असं यादोराव एकतीस वर्षं समजत होते.

"तुम्ही जाळला नाही?"

"नाही जी."

"मग धूर कशाचा होता?"

"पाल्याचा."

यादोरावांनी राखेचे हात झटकले. आनंद व्हायला हवा होता, पण आधी जे डोक्यात शिरलं ते भयंकर होतं.

"मंदाबाई... याच्या आधीचं? आजवरचं?"

मंदाबाईंनी झाडू भिंतीला टेकवला. "तुमी नोकरीवरून तं नाही काहाडनार ना जी? माही आजी म्हने, कोनाच्या हातचं लिहलेलं आगीत टाकू नाही. मले पहिल्याच दिवशी तुमी गठ्ठा देला. पाहलं तं कोनाच्यातरी जमिनीचं, कोनाच्या लग्नाचं. हातच होईना. मंग नेलं घरी. मंग नेतच गेलो."

दुपारच्या बसने दोघं निघाली. तुमसरला बस बदलली. यादोराव वाटभर हिशोब करत होते. सहाशे प्रमाणपत्रं, सहाशे सह्या, सगळ्या खोट्या! आपण सरकारदरबारी दिलेलं प्रत्येक 'नष्ट केले' हे बपेऱ्यात सुखरूप आहे, या विचाराने त्यांना घाम फुटत होता आणि खिडकीतून वारा लागून तो वाळत होता.

मंदाबाईंच्या घराच्या आतल्या खोलीत धान साठवायचे बांबूचे दोन मोठे ढोले होते, शेणाने लिंपलेले. मंदाबाईंनी झाकण काढलं. आत कडुनिंबाचा पाला आणि त्याखाली जुन्या लुगड्यांत बांधलेले गठ्ठे. प्रत्येक गठ्ठ्याला दोन गाठी. प्रत्येकावर क्रमांक, त्याच क्रमाने, ज्या क्रमाने भंडाऱ्यात. सगळ्यात वर तंबाखूचा डबा.

यादोरावांनी डबा छातीशी धरला. झाकण उघडलं, सातही पेन ड्राइव्ह मोजले, पुन्हा मोजले. मग जीव थोडा थाऱ्यावर आल्यावर त्यांच्यातला अभिलेखपाल जागा झाला आणि त्यांनी एक गठ्ठा सोडून पाहिला. पानं चाळता चाळता त्यांचा हात अडला. मधल्या एका जागी पान नव्हतं. त्याऐवजी चिठ्ठी होती.

"ही चिठ्ठी कोणी ठेवली?"

"मीच. तुमीच तं सांगता, पान काहाडलं का चिठ्ठी पायजे."

चिठ्ठीवर मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं : बस्ता ११२. पान ४७. खाली तारीख, २०११च्या जुलैतली, शनिवारची. आणि नेणाऱ्याचं नाव, 'साहेब'.

यादोरावांनी ते तीनदा वाचलं. मग दुसरा गठ्ठा सोडला. त्यातही चिठ्ठी. तिसऱ्यात दोन. एकूण त्रेचाळीस निघाल्या.

"ही पानं कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडंच हायेत जी. कोनी वाचनारा पान लंपास करे. कधी वाळवी खाये. तुमी शुक्रवारी कपाळाले हात लावून बसा. मले पाहवत नव्हतं. मंग शनवारी इथं येऊन पाहो. मले आकडे अन् थोडी अक्षरं येतेत. सापडलं का सोमवारी नेऊन तुमच्या बस्त्यात सारून देवो."

बाहेर कोंबड्या कलकलत होत्या. यादोराव त्या ढोल्याशेजारी जमिनीवर बसले. त्यांना भिंतीवरची ऑइलपेंटची अक्षरं दिसली, स्टूल दिसलं, दर जानेवारीला बदललेला आकडा दिसला, आणि ते पाऊण तासाचं भाषण शब्दन्‌शब्द आठवलं. भाषणाच्या वेळी मंदाबाई चहाचा ट्रे धरून दाराशी उभ्या होत्या. सगळ्यांत जास्त मान त्यांनीच डोलावली होती.

"बोलला का नाहीत कधी?"

"तुमी खुश होते ना जी," मंदाबाई म्हणाल्या.

यादोराव उठले, लाजेने आणि आणखी कशाने तरी तोंड लाल झालेलं. डबा काखेत घेऊन दाराकडे निघाले, तर मागून मंदाबाईंचा आवाज आला.

"साहेब. चिठ्ठी."

त्यांनी मुकाट्याने खिशातून कागद काढला. 'संच क्रमांक तीन. तारीख. नेणारा : या. गोंडाणे.' आणि ती चिठ्ठी डब्याच्या जागी ठेवली.

सोमवारी सभागृह भरलं होतं. पाहुण्यांनी भिंतीवरची पाटी पाहिली आणि यादोरावांच्या खांद्यावर शाल घातली, "एकतीस वर्षांत एकही कागद नाही! याचं रहस्य काय?" आणि माइक त्यांच्यापुढे केला. शाल त्यांना कांबळ्यासारखी जड झाली. खरं सांगावं तर मंदाबाईंची नोकरी जाते, न सांगावं तर गिळवत नाही. मंदाबाई मागे चहाचे कप मांडत होत्या. त्यांनी तिथूनच मान हलवली, नाही.

"तीन प्रती," यादोराव माइकवर म्हणाले. "आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. हे मला फार उशिरा कळलं. संस्थेत एका माणसाला पहिल्या दिवसापासून कळत होतं."

"कोण तो?" पाहुण्यांनी विचारलं.

"तेवढं गोपनीय आहे," असं म्हणून त्यांनी रुपाला खूण केली.

आधी बांधीतल्या पाण्याची चुबुक चुबुक ऐकू आली. मग एक म्हातारा, खरखरीत, तरी उंच आवाज :

'गुडघाभर चिखलात उभी मी माय,
पऱ्ह्याची जुडी हाती,
माहेरची वाट दिसेना माय,
आभाळ आलं माथी...'

पहिल्या रांगेत देवकाबाईंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. गाणं मध्येच तुटलं. बायजाबाई ओरडत होत्या, "ते डबडं कायले पुढं करता जी, जवाई? चिखलात पडन ना!" आणि गुरुजींचं हसणं आलं, अगदी जवळून.

देवकाबाई उभ्या राहिल्या. सभागृहात दोनशे माणसं आहेत हे त्या विसरल्या होत्या. "पडू दे वं माय," त्या स्पीकरकडे पाहून म्हणाल्या, "पडू दे. तू म्हन."

आणि बायजाबाई पुढे म्हणू लागल्या.

त्या आठवड्यात रुपाने नव्या साधनांवर दोन प्रती केल्या. पाटी यादोरावांनी पुसून टाकली, तिथे चुन्याचा पांढरा चौकोन राहिला. कोरीव क्रमांकाची हार्ड डिस्क त्यांनी स्वतःच्या टेबलावर समोरच ठेवली. शनिवारी दुपारी त्यांनी तंबाखूचा डबा नव्या फडक्यात बांधला, दोन गाठी मारल्या आणि मंदाबाईंच्या थैलीत आपल्या हाताने ठेवला. बसस्टँडपर्यंत थैली त्यांनीच उचलली.

बस सुटताना ते खिडकीशी आले.

"मंदाबाई, माझी ती चिठ्ठी फाडून टाका बरं. वस्तू परत आली."

"चिठ्ठी कायले फाडू जी?" मंदाबाई म्हणाल्या. "लिहलेलं हाये ते."